प्रिय किसान भाई, नमस्कार!

लोकांना म्हणे जुने किस्से आठवायला डोकं खाजवावं लागतं. मला आमच्या त्या ऑफिसचे विसरायला कष्ट पडतात! भांडी घासताना एक आठवतो, त्याच्या शेपटाला धरून दुसरा येतो, आणि कढई उगाचच जास्त जोरात घासली जाते. माझी लेक आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली, तिचं मराठी निम्मं हिंदी. ती म्हणते, "आई, तू अकेली अकेली कोणावर चिडतेस?"

घ्या, तर सांगतेच.

मी पुण्याची, शेतकी पदवीधर. नवऱ्याची दिल्लीला मंत्रालयात बदली झाली आणि मला गुडगावात नोकरी लागली. तेव्हा तिथे मेट्रो पोचली नव्हती, ऑफिसची कॅब घ्यायला यायची. कंपनी मोबाइल आणि इंटरनेटवरून शेतकऱ्यांना हवामान, पिकांचा सल्ला, बाजारभाव असं सगळं पुरवणार होती. मला वाटलं, शिकलेलं कामी येणार! मुलाखतीहून परतले तेव्हा अक्षरशः तरंगत होते.

आमच्यात तीन माणसं लक्षात ठेवा. साहेब म्हणजे सूद, अमेरिकेत शिकून आलेले, फार गोड बोलणारे. सॉफ्टवेअर बघणारा एडविन, आपला वसईचा, मला 'ताई' म्हणायचा. आणि त्यागीजी. उत्तर प्रदेशच्या कृषी खात्यातून निवृत्त झालेले, साठीचे, ऑफिसात स्वेटरवर स्वेटर घालून बसायचे, कारण एसी कमी करायची परवानगी नव्हती.

* * *

पहिल्याच आठवड्यात मी आपल्या वेबसाइटवर नाव नोंदवून बघितलं. नाव, गाव, मग 'व्यवसाय'. बाण दाबला की यादी उघडायची: विद्यार्थी, नोकरी, धंदा, गृहिणी, इतर.

परत बघितलं. वर-खाली करून बघितलं. मग तडक सूद साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, शेतकऱ्यांच्या वेबसाइटवर शेतकरीच नाही! त्याने काय निवडायचं?"

साहेब शांतपणे म्हणाले, "इतर."

* * *

एसएमएसचा किस्सा सांगताना मला आजही हसू येत नाही.

देवनागरीत एका मेसेजमध्ये सत्तर अक्षरं मावायची. त्यापुढचा मजकूर दुसऱ्या मेसेजमध्ये जायचा, आणि तो दुसरा कधी पोचेल ते देवाला ठाऊक. आम्ही जीव तोडून छोटी वाक्यं लिहायचो. पण साहेबांचा हुकूम होता की प्रत्येक मेसेज 'प्रिय किसान भाई, नमस्कार' असाच सुरू झाला पाहिजे. का? तर ब्रँड!

एकदा वारा आणि पाऊस येणार असल्याचा अंदाज आला. मोहरीवर औषध फवारू नका, असं आम्ही कळवलं. दुपारी त्यागीजींच्या टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे सोहना बाजूचा एक शेतकरी होता, आवाज चढलेला.

"आपने कहा छिड़काव, हमने छिड़काव कर दिया। सब धुल गया!"

एडविनने त्याच्या नंबरवर गेलेला मेसेज काढला. 'प्रिय किसान भाई, नमस्कार। आज और कल सरसों की खड़ी फसल पर दवा का छिड़काव'. बास. 'न करें' हे दोन शब्द दुसऱ्या मेसेजमध्ये होते. ते त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाले!

त्यागीजींनी त्या दिवशी जेवण केलं नाही. यादी घेऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत एकेकाला फोन करत राहिले. बऱ्याच जणांची फवारणी व्हायची होती, ती वाचली. मग ते साहेबांकडे गेले. मी आणि एडविन दाराशी उभे होतो.

"सर, ये नमस्कार हटा दीजिए। पहला शब्द 'मत' होना चाहिए।"

साहेब दुखावले. म्हणाले, "त्यागीजी, हम किसान से बदतमीज़ी नहीं कर सकते।"

* * *

परदेशातून पैसे गुंतवणारी मंडळी येणार होती. साहेबांना प्रात्यक्षिकासाठी एक 'खरा शेतकरी' हवा होता. त्यागीजींनी पलवलहून एकाला बोलावलं. सतबीर नाव. तिशीचा, हुशार, आमची सेवा रोज वापरणारा. जीन्स, जाकीट आणि पायात स्वच्छ बूट घालून आला.

साहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मला बाजूला घेतलं.

"ये तो किसान लगता ही नहीं।"

"सर, त्याचं बारा एकर आहे!"

"पर लगता नहीं ना, यार!"

ड्रायव्हरला सरोजिनी नगरला पिटाळलं. तिथे स्वस्तात काय वाटेल ते मिळतं, पण पागोटं कुठलं मिळणार? तो शाळेच्या फॅन्सी ड्रेसचा सेट घेऊन आला. पिवळा कुडता, धोतर आणि तयार बांधलेला फेटा, ज्याला मागून इलॅस्टिक होतं!

माझं डोकं फिरलं. मी सतबीरला म्हटलं, "भैया, नको वाटत असेल तर सरळ नाही म्हणा. मी सांगते त्यांना."

त्याने तो कुडता उचलला, उलटा केला, बाजू चाचपून बघितल्या. मग तो सगळ्यांसमोर साहेबांना म्हणाला, "पहन तो लूँ जी। पर इसमें जेब नहीं है। आपका मोबाइल रखूँगा कहाँ?"

प्रात्यक्षिक जीन्समध्ये झालं.

* * *

पुढे साहेबांनी हेल्पलाइन सुरू केली. हेडफोन लावून बसायचं आणि समोर लिहिलेलं वाचायचं. आधी नोंदणी क्रमांक विचारा, मग पिनकोड, मग तक्रार. एका फोनला चार मिनिटं. शेवटी 'आपका दिन शुभ हो'.

एके दिवशी त्यागीजींना एका बाईचा फोन आला. म्हैस वीत होती आणि अडली होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी शेजारीच बसले होते, त्या बाईचा हुंदका मला त्यांच्या हेडफोनमधून ऐकू येत होता.

त्यागीजींनी नोंदणी क्रमांक विचारला नाही. म्हणाले, "बेटी, खींचना मत। पहले हाथ धो। गाँव का नाम बता।"

गाव कळल्यावर त्यांनी माझ्याकडे चिठ्ठी सरकवली. मी दुसऱ्या फोनवरून त्या तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरला शोधलं. तो स्कूटरवर निघाला. तो पोचेपर्यंत त्यागीजी त्या बाईशी बोलत राहिले. पाणी गरम कर, म्हशीला उठवू नको, घाबरू नको, मैं हूँ. चाळीस मिनिटांनी पलीकडून एकदम कल्ला ऐकू आला. पारडी झाली, दोघी जिवंत! त्यागीजींनी हेडफोन काढला आणि स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले.

तीन दिवसांनी त्यांना लेखी ताकीद मिळाली. नोंदणी क्रमांक विचारला नाही. 'दिन शुभ हो' म्हटलं नाही. चार मिनिटांच्या जागी चाळीस!

मी तर राजीनामाच लिहायला घेतला होता. त्यागीजी म्हणाले, "रुको बिटिया, जवाब मैं देता हूँ।" आणि सुवाच्य अक्षरात त्यांनी उत्तर लिहिलं. एकच ओळ.

"श्रीमान, भैंस को चार मिनट वाले नियम की जानकारी नहीं थी।"

* * *

फरीदाबादच्या पलीकडच्या एका गावात कमलेश नावाची बाई होती. हो, बाई. हरियाणात हे नाव बायकांचंही असतं. आमचा प्रत्येक मेसेज ती हातपंपापाशी मोठ्याने वाचून दाखवायची आणि भोवतीच्या बायकांच्या शंका उलट आम्हाला पाठवायची. भेंडीवरच्या किडीबद्दल तिने विचारलेल्या प्रश्नावर त्यागीजींनी दोन दिवस पुस्तकं चाळली होती.

वर्षाच्या शेवटी उत्तम शेतकऱ्याला पुरस्कार द्यायचं ठरलं. कॉम्प्युटरने सगळ्यात जास्त वापराचा नंबर काढला, तो तिचा. पण आमच्या फॉर्ममध्ये स्त्री की पुरुष हा रकानाच नव्हता, सगळेच 'भाई'! निमंत्रण गेलं 'श्री कमलेश' यांना.

दिल्लीच्या मोठ्या हॉटेलात ती नवऱ्यासोबत आली, डोक्यावरून पदर घेऊन. दारातल्या पोरीने 'श्री कमलेश' लिहिलेली पट्टी बेधडक नवऱ्याच्या गळ्यात अडकवली. मी धावत साहेबांकडे गेले.

"सर, कमलेश ती आहे! ती बाई!"

"अब अनाउंसमेंट हो गई है। फॅमिली ही तो है, चलो."

साहेबांनी मानचिन्ह नवऱ्याच्या हातात दिलं. तो बिचारा प्रामाणिक माणूस. माइक ओढून म्हणाला, "ये मेरा नहीं है जी, इसका है। मुझे तो पढ़ना भी नहीं आता।"

काय विनय आहे, असं वाटून सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला!

मी नंतर दोन मेल लिहिले, भांडले, मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटला. तरीही कंपनीच्या वार्षिक पुस्तिकेत नवऱ्याचाच फोटो छापून आला, खाली 'श्री कमलेश, प्रगतिशील किसान'. एक प्रत तिच्या घरी गेली. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती, तेवढ्यात तिचाच फोन.

"मॅडमजी, फोटो बहुत बढ़िया आया है। अगली बार मेरा भी खिंचवा देना।"

* * *

शेवटचा सांगते आणि थांबते.

एडविनने वर्षभर खपून नवी सोय तयार केली होती. शेतकऱ्याने गावाचं नाव आणि सरकारदरबारचा शेताचा नंबर द्यायचा, की नकाशावर नेमक्या त्या शेतावर लाल ठिपका पडणार आणि तिथे काय पेरावं याचा सल्ला येणार. जुने सरकारी नकाशे मिळवून त्याने एकेक नंबर तपासला होता. खरंच देखणं काम होतं.

तळमजल्यावरच्या हॉलमध्ये पाहुणे जमले. खुर्च्या, पडदा, कोपऱ्यात कॉफीचं मशीन. साहेब रंगात आले होते. "कोणीही या! कुठल्याही गावाचा नंबर सांगा!"

पाहुण्यांपैकी कोणाला शेताचा नंबर माहीत असणार? सगळे एकमेकांकडे बघून हसले. काचेच्या दारापलीकडे आमचा माळी रामफल कुंड्या पुसत होता. पन्नाशी उलटलेला, कधी फारसं न बोलणारा. साहेबांनी त्यालाच आत बोलावलं.

"रामफल, तुम्हारे पास खेत है?"

"था जी।"

"नंबर याद है?"

त्याने चप्पल दाराशी काढली, गालिच्यावर अनवाणी आला आणि गावाचं नाव आणि नंबर सांगितला. न अडखळता, आपण आपलं नाव सांगतो तसा.

एडविनने टाइप केलं. नकाशा सरकला, मोठा होत गेला, रस्ते दिसले, चौक दिसला. लाल ठिपका पडला तो आमच्याच इमारतीवर!

हॉलमध्ये खसखस पिकली. साहेब घाईघाईने म्हणाले, "एडविन, बग है। ठीक कर लेना."

एडविनने मान खाली घातली होती. त्यागीजी मात्र खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

"नंबर ठीक है साहब," रामफल म्हणाला.

तेवढ्यात पडद्यावर सल्ला आला: 'इस भूमि में धान लगाएँ।' रामफलने तो बोटाने एकेक अक्षर लावत वाचला आणि मान हलवली.

"धान नहीं होगा जी. यहाँ का पानी खारा है। हम बाजरा करते थे।"

साहेब हसत म्हणाले, "अच्छा? पानी खारा है, ये तुम्हें कैसे पता?"

रामफलने ओला हात शर्टाला पुसला आणि कॉफीच्या मशीनकडे बोट केलं.

"कुआँ वहाँ था।"