ऑफिसात पहिला नंबर

"इथं आलो की मी पहिला असतो आणि घरी गेलो की कुठंच नसतो. हे कसं काय?"

प्लायवुडच्या पार्टिशनपलीकडून काकांचा आवाज आला. बुधवार पेठेत त्यांचं अँप्लिफायरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. त्यांची वेबसाइट सर्च इंजिनमध्ये वर आणायचं काम त्यांनी आमच्या कोथरूडच्या ऑफिसला दिलं होतं. ऑफिस म्हणजे एका सोसायटीतला दोन खोल्यांचा फ्लॅट. त्या काळात दारावर इंग्रजी पाटी लावली की फ्लॅटची आयटी कंपनी होत असे.

"अहो, घरचा कॉम्प्युटर जुना असेल तुमचा," आमचे सर म्हणाले.

हे उत्तर ते सगळ्यांनाच देत. नवाकोरा कॉम्प्युटर घेतलेल्यांनाही.

मला तिथं नोकरी मिळाली ती इंग्रजीमुळे. मराठीत बोलायची वेळ आली की मी वाक्य आधी मनात जुळवून बघायचे, आणि तोवर विषय पुढे गेलेला असायचा. म्हणून मी गप्प राही, आणि गप्प राहते म्हणून सरांना मी आज्ञाधारक वाटे.

रोज सकाळी सर सगळ्या मशीनना उदबत्ती ओवाळत. मग आम्ही ओळीनं बसून आमच्याच ग्राहकांच्या वेबसाइट शोधायचो आणि त्यांवर क्लिक करायचो. क्लिक वाढले की नंबर वाढतो, हा सरांचा सिद्धांत. प्रत्यक्षात एवढंच होई की आमची मशीन रोज काय उघडतात हे सर्च इंजिनच्या लक्षात राही, आणि तेच ते आम्हाला वर काढून दाखवी. आपणच आपल्याला हार घालायचा आणि गावानं सत्कार केला म्हणायचं. सर लबाडी करत असते तर निदान त्यांची हुशारी तरी मान्य करता आली असती. त्यांचा या सगळ्यावर मनापासून विश्वास होता.

काकांनी घरी दोन वेगवेगळी सर्च इंजिनं वापरून पाहिली होती. एकात, म्हणजे आम्ही ऑफिसात वापरायचो त्यात, ते चौथ्या पानावर होते, दुसऱ्यात सापडलेच नाहीत. सर म्हणाले, प्रत्येकाचा मूड असतो. मूडबिड काही नव्हता. एक सर्च इंजिन पानावर कुठले शब्द किती वेळा आलेत यावर भाळायचं. दुसरं आधी बघायचं की इतर कुणाच्या वेबसाइट लिंक देऊन तुमच्याकडे बोट दाखवतात का. पहिल्याला खूश करायला सरांनी काकांच्या पानाच्या तळाशी, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत, 'अँप्लिफायर पुणे, अँप्लिफायर पुणे' असा जप टाइप करून घेतला होता. माणसाला तो दिसत नसे. दुसऱ्या सर्च इंजिनला दिसला, आणि त्यानं पान उचलून यादीबाहेर ठेवलं.

फोटो काढायला मी एकदा दुकानात गेले होते. गिऱ्हाइकं विचारत होती, या बंद झालेल्या पार्टऐवजी कुठला चालेल, स्पीकर घुमतोय तो कशानं थांबेल. काका हातातलं काम न सोडता उत्तरं देत होते. मला सुचलं, तीच उत्तरं वेबसाइटवर लिहायची, प्रत्येक पानाला गिऱ्हाइकाचाच प्रश्न शीर्षक म्हणून द्यायचा, आणि जी कॉलेजं आपली मुलं प्रोजेक्टचे पार्ट घ्यायला काकांकडे पाठवतात त्यांच्या वेबसाइटवर दुकानाची लिंक मागायची. दोन्ही सर्च इंजिनांना हे चाललं असतं. सर चार पावलांवर बसत, तरी मी हे ईमेलनं कळवलं. "गुड, कीप इट अप," असं उत्तर आलं. वेबसाइटवर काका 'जागतिक दर्जाचे सोल्युशन प्रोव्हायडर' होते ते तसेच राहिले. त्याच वाक्यानं आम्ही एका पापडवाल्या बाईंनाही जागतिक करून ठेवलं होतं.

पार्टिशनपलीकडे काका आता हळू आवाजात बोलत होते. पेठेत गाडी लावायला जागा नाही, जुनी गिऱ्हाइकं येईनाशी झालीत. शहराबाहेर वाघोलीला एक गोडाऊन बघून ठेवलंय. सगळा धंदा इंटरनेटवरूनच येणार असेल तर दुकान हवंय कशाला? पेठेतली जागा वडिलांच्या वेळेपासून भाड्याची, एकदा किल्ली दिली की परत मिळायची नाही. आज संध्याकाळी मालकाला शब्द द्यायचा होता.

"म्हणजे जागा सोडायला हरकत नाही?"

"बिनधास्त सोडा," सर म्हणाले. मग त्यांनी मला हाक मारली. "अगं, काकांना जरा नंबर दाखव. खात्री पटू दे त्यांची."

काका माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. मी शब्द टाइप केले. सगळ्यात वर त्यांचं दुकान आलं. त्यांनी चष्मा सारखा करून ते वाचलं आणि समाधानानं मान हलवली. सर हसत होते. मी वाक्य मनात जुळवायला घेतलं, आणि ते पुरतं जुळायच्या आतच तोंडातून निघून गेलं.

"काका, जागा सोडू नका. तुमचा घरचा कॉम्प्युटर बरोबर सांगतोय."