बाबांच्या गोळ्या आणि बाहेरचं कुलूप

मंडळी, आज दुपारी ऑफिसातून लवकर घरी आले, तर माझे सासरे फ्लॅटच्या दाराबाहेरच्या लोखंडी गेटचे गज आतून धरून उभे होते. मागे एकदा ते घराजवळच्या, तोआ पायोह भागातल्या बाजारात वाट चुकले. तेव्हापासून आम्ही दोघं कामावर जाताना फ्लॅटला बाहेरून कुलूप लावतो.

"अगं मेघना, आज मी जास्तीच्या गोळ्या घेतल्यात," बाबा म्हणाले. "आता सोडशील ना मला बाहेर?"

व्हिटॅमिनच्या त्या गोळ्यांची बाटली नवऱ्याने आणली होती. रोज एक घ्या, डोकं तरतरीत झालं की एकटे फिरा, असं त्यानेच त्यांना समजावलं होतं.

मी त्यांना तशीच क्लिनिकमध्ये घेऊन गेले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "जास्त गोळ्यांनी विसरणं लवकर थांबत नाही. शरीरात बी-ट्वेल्व्ह कमी असेल, तर ते भरून काढल्यावर फरक पडू शकतो. आधी रक्त तपासू."

लिफ्टमध्ये बाबांनी हळूच विचारलं, "आणि फरक नाही पडला तर कायम आतच?"

मी त्यांचा हात धरला.

उद्याची रजा टाकली आहे. परवा पुन्हा ते कुलूप माझ्याच हातात असेल. तुमच्या घरी असं कोणी असेल तर सांगा, तुम्ही काय करता?