डोंगराचं पीठ

बाळांनो, तुम्ही पाठवलेल्या फोटोत हिमनदीच्या काठचं दुधाळ तळं पाहिलं आणि मुलुंडच्या घरातली एक दुपार आठवली. आजोबा आणि मी गोमुखाहून गंगा घेऊन आलो होतो. अंथरुणाला खिळलेल्या तुमच्या पणजी तिचीच वाट पाहत होत्या. पण बाटली बघून त्या रुसल्या. "गंगा कसली, हे तर तांदळाचं धुवण! वाटेतच कुठे भरलंत ना?" "आई, बर्फ सरकताना खालचा दगड दळतो, त्याचं पीठ आहे ते," आजोबा म्हणाले. खिडकीतल्या उन्हात तो करडा गाळ धुक्यासारखा सावकाश खाली बसत गेला आणि पणजी बघत राहिल्या. संध्याकाळी त्यांनी तो चिमटीत चोळून पाहिला, कपाळाला लावला. "पोचलात रे तिथवर," म्हणाल्या. पाणी केव्हाच संपलं. पीठ देवघरातल्या डबीत अजून आहे.