मावशीने विचारलं तेवढंच

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी पेणला शाळेत होते. "ताई, आय गेली. सकाली दोन घोट पेज पिली, न् मान टाकली..." एवढं बोलून तिने फोन ठेवला. सुनंदा माझ्या मावसभावाची, नरेशची बायको. आय म्हणजे तिची सासू, थळची माझी जनामावशी. त्याला आता पाच आठवडे झाले. रडून झालंय, नीट लिहिता येईल.

मावशी बोंबील सुकवून अलिबागच्या बाजारात विकायची. तिच्याशी घासाघीस करायची कुणाची टाप नव्हती. पोटाचं दुखणं वाढलं तेव्हा तिला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी नरेशला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, यकृताचा कॅन्सर आहे, पसरलाय. नरेशने आत जाऊन आईला सांगितलं, "अल्सर हाय, गोल्यांनी जाईल." माझं डोकं फिरलं. तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवतेय मी! दुसऱ्या दिवशी नरेश डबा आणायला गेल्याबरोबर मी खुर्ची ओढून खरं सांगायला सुरुवात केली. मावशीने हात वर केला.

"थांब. मी इचारीन तवरंच सांग."

तिने दोनच गोष्टी विचारल्या. पुन्हा बाजारात बसता येईल का? मी नाही म्हटलं. दुखणं आवरेल का? औषधांनी बरंचसं, मी म्हटलं. "बस," म्हणून ती कुशीवर वळली. रोगाचं नाव तिने शेवटपर्यंत विचारलं नाही. माझं भाषण तसंच राहिलं... आणि मला तेव्हा तिचा रागच आला.

संध्याकाळी डॉक्टरांपाशी तिनेच विषय काढला, "मना सुद नसंल तवा कोनाला इचारनार?" मला वाटलं, शिकलेली म्हणून माझंच नाव घेईल. तिने शेजारी उभ्या सुनंदाकडे बोट दाखवलं. नरेशचा चेहरा उतरला.

"आये, मी तुजा पोर ना?"

"तू दर्यान असतस. तवा घरान कोन बघतं?"

मासेमारीची बोट आठ-दहा दिवस बाहेर असते, तेवढे दिवस घरातला शब्द बाईचा, ही कोळीवाड्यातली रीतच. डॉक्टरांनी सुनंदाचं नाव कागदावर लिहिलं, मावशीने सही केली आणि सुनेला बजावलं, "नाका-तोंडान नली नको, मुंबय नको. घरी ने."

पंधरा दिवसांनी दवाखान्यातच तिला धाप लागली, शुद्ध जायला लागली. नरेश समुद्रात, फोनला रेंज नाही. मुंबईला हलवून मशीनवर ठेवलं तर थोडे दिवस मिळतील, डॉक्टर म्हणाले. डगमगले ती मीच. "नरेश येईपर्यंत तरी थांबू," मी म्हटलं. सुनंदा म्हणाली, "न्हाय ताई. आयनी मना सांगलंय." तिने सासूला घरी आणलं. औषधांनी धाप जरा बसली. तिसऱ्या दिवशी नरेश आला, आईच्या उशाशी बसून राहिला, पण बायकोशी एक शब्द बोलला नाही. मावशी अजून सहा दिवस होती, आपल्या घरात, आपल्या गोधडीवर. बारावं झालं तरी नरेशचा अबोला सुटला नव्हता.

गेल्या आठवड्यात मी गेले तेव्हा त्याची बोट निघायची होती. सुनंदा अंगणात मावशीच्या फळकुटावर बसून बोंबलांच्या जोड्या सुकायला बांबूवर टाकत होती. नरेश पिशवी घेऊन तिच्यापाशी थांबला. मग खाली बघत म्हणाला, "माज्या वक्ताला पन तूच सांग. दुसऱ्या कोनाला इचारू देव नको."

सुनंदा "बरं" म्हणाली. तो गेल्यावर मात्र ती रडली, मावशी गेली त्या दिवशीही रडली नव्हती तशी.