कोरडा पुठ्ठा

गॅरेजमध्ये त्यांना पुठ्ठामास्तर म्हणत. मास्तरकी त्यांनी उभ्या जन्मात केली नव्हती. पण मोटरसायकलचं ऑइल बदललं की ते इंजिनाखाली एक स्वच्छ पुठ्ठा सरकवत, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवत, दहा मिनिटं बंद, आणि मग पुठ्ठा उजेडात धरून पेपर तपासावा तसा तपासत. थेंब नसेल तर गाडी पास.

"मास्तर, सोडा आता. सासू स्टँडवर उभी आहे," एखादं गिऱ्हाईक काकुळतीला येई.

"उभी राहू दे. ती काही गळत नाहीये."

इंजिनाच्या पोटाखाली, ऑइलच्या चेंबरला, एक नट असतो. तो काढला की जुनं ऑइल वाहून जातं, बसवला की नवं आत राहतं. नटाचं काम एवढंच, आणि मास्तरांचं आयुष्यही जवळपास तेवढंच. नटाखालचा तांब्याचा वॉशर एकदा दाबून चपटा झाला की ते तो पुन्हा घालत नसत. नट टेकतो ती कड सुती फडक्याने पुसून घेत. तिथे वाळूचा कण राहिला तर ऑइल बाहेर येतं, कारण ऑइलला आणि नातेवाइकांना वाट दाखवावी लागत नाही. नट आधी बोटांनी फिरवायचा, पाना अगदी शेवटी. "कमी आवळला तर गळतो, जास्त आवळला तर चेंबरचे आटे जातात. मधे एक जागा असते. ती मनगटाला कळते." याहून मोठं तत्त्वज्ञान त्यांनी कधी सांगितलं नाही. सत्तावीस वर्षांत त्यांच्या हातची एकही गाडी गळत परत आली नव्हती.

मग उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. वर्षभराने मुंग्याही गेल्या, आणि हात त्यांच्याबरोबर गेल्यासारखा झाला. मानेत नस दबली आहे, गेलेलं परत येईल असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. गॅरेजात मास्तरांनी हे कोणाला सांगितलं नाही. घरी सांगावं लागलं नाही. काचेचा ग्लास वाफाळत्या चहासकट मुठीत धरून ते बसले होते, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, चटका बसत नाही का?"

"कोमट आहे."

दुसऱ्या दिवसापासून चहा कानाच्या कपातून आला.

पुढे दूधवाल्याची गाडी चार दिवसांत परत आली. पुठ्ठ्यावर असेपर्यंत नट जागेवर होता. रस्त्यावरच्या खड्ड्यांनी तो सैल केला. ऑइल मागच्या टायरवर आलं, वळणावर गाडी घसरली, दोन कॅन आडवे झाले आणि दूधवाल्याचं कोपर सोलवटलं. तो शांत माणूस होता, म्हणूनच त्याचं बोलणं जास्त लागलं.

"मास्तर, पुठ्ठा कोरडा होता म्हणालात. रस्ता ओला झाला."

गॅरेज मेहुण्याचं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचं. त्याने कपाटातून एक लांब पाना काढला. त्यावर आकडा लावून ठेवायचा. नट तेवढा आवळला गेला की पाना 'टक्क' असा आवाज करतो आणि हाताला बारीक झटका देतो. तिथे थांबायचं. चार वर्षांपूर्वी आणलेला हा पाना मास्तरांनी अपमान समजून बाजूला ठेवला होता.

"भावोजी, यापुढे यानेच. आणि अजून एक गाडी बिघडली तर तुम्ही काउंटरवर बसा. ताईशी मी बोलेन."

"काउंटरवर काय करू?"

"वॉशर विका. त्यांच्यावर तुमच्याइतकी माया दुसऱ्या कोणाची नाही."

मास्तरांनी पाना घेतला आणि ते दूधवाल्याच्याच गाडीखाली शिरले. वॉशर नवा घातला. कड पुसली, पुन्हा पुसली. नट डाव्या हाताच्या बोटांनी सरळ चढवला. इथपर्यंत चूक काढायला जागा नव्हती. मग त्यांनी पाना लावला आणि टक्क होण्याची वाट बघत ओढू लागले. शेजारी एका गाडीचं इंजिन तपासायला चालू होतं.

टक्क झालं. कान सत्तावीस वर्षं इंजिनांच्या आवाजात गेले होते आणि हात नसेने नेला होता. दोन्ही दारं ठोठावून तो आवाज परत गेला. मेहुण्याला मात्र तो गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला.

"भावोजी, बास."

तेही ऐकू आलं नाही. मास्तर आज्ञाधारकपणे ओढत राहिले. आणि मग एकदम जोर लागेनासा झाला. एवढं त्या मेलेल्या हातालाही कळलं. नट फिरला आणि नुसता फिरतच राहिला.

"बसला का?" दूधवाल्याने वाकून विचारलं.

"नाही. आटे गेले."

"मग?"

"चेंबर उतरवायचं, नवे आटे पाडून आणायचे. तीन दिवस."

"बरं. म्हशींना सांगतो थांबायला."

गाडीखालून बाहेर यायला मास्तरांना बराच वेळ लागला. मेहुण्याने हात दिला, तो त्यांनी डाव्या हाताने धरला. ताईशी बोलायची गरज पडली नाही. संध्याकाळी त्यांच्याकडे बघूनच तिने पाणी आणून ठेवलं.

आता ते काउंटरवर बसतात. वॉशर घेणाऱ्या प्रत्येकाला कड पुसायला सांगतात, बोटांनी चढवायला सांगतात. लोक मान डोलावतात आणि सुटे पैसे मागतात. गाड्यांखाली मेहुणा स्वतः शिरतो, कंबर धरून कण्हतो, टक्क झालं की थांबतो. पुठ्ठा तेवढा त्याने मास्तरांकडे ठेवला आहे, घरातल्या म्हाताऱ्याकडे वर्तमानपत्राची घडी घालायचं काम ठेवावं तसा.

दहा मिनिटं चालू, दहा मिनिटं बंद. मग मास्तर उठतात, पुठ्ठा काढतात, डाव्या हाताने उजेडात धरतात आणि पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळ बघतात. मेहुणा तिकडे पाठ करून उभा राहतो. ते काय शोधतात हे त्याला ठाऊक आहे.

"आज एखादी गळली का हो?" बायको रोज विचारते.

"नाही," मास्तर म्हणतात. "एकही नाही."