क्वाक सरांची रोजची फेरी

प्यो उनसोलची पदवी उंदरांच्या फुप्फुसात अडकली होती. लस टोचलेल्या उंदराला पुढे फ्लूचा विषाणू द्यायचा, त्याच्या टी पेशींनी शत्रू ओळखून तुटून पडायचं, उनसोलने आलेख काढायचा आणि क्वाक सरांनी प्रबंधावर सही करायची, असं ठरलं होतं. पेशी सोडून सगळे तयार होते.

डेजॉन शहरातल्या त्या प्रयोगशाळेत चूक नेहमी विद्यार्थ्याचीच असे. उनसोलने सुई बदलली, लस बदलली, आईने पाठवलेला जिनसेंगचा काढा पिऊन स्वतःलाही बदलून पाहिलं. सर मात्र रोज सकाळी उंदरांच्या खोलीत येत आणि एकेकाला शेपटीने उचलून त्याच्या डोळ्यांत बघत. शिस्त लागावी म्हणून!

मग सर उन्हाळाभर व्हँकुव्हरला, बायकामुलांकडे गेले. त्या काळातल्या उंदरांच्या फुप्फुसांत टी पेशींची नुसती जत्रा भरली. सर परतले, जत्रा उठली.

"ताई," पिंजरे धुताना प्रयोगशाळेतली धाकटी विद्यार्थिनी बोरा म्हणाली, "उंदरांचं काय घेऊन बसलीस? सर आले की माझ्याही पेशी लपतात."

उनसोल हसली आणि मध्येच थांबली. पुरुषाच्या नुसत्या घामाच्या वासानेही उंदीर धास्तावतात, असं तिने वाचलं होतं. धास्तावलेल्या शरीरात पेशीही दबून राहतात. आणि त्या खोलीत पुरुष एकच येत होता. तिने ते बोराला सांगितलं.

"मग सांग ना सरांना."

"काय सांगू? सर, तुमचा वास येतो?"

"त्यापेक्षा उंदरांनाच राजीनामा द्यायला सांग."

पण आलेख खोटा काढून सही मिळवणं उनसोलला जमेना. सोमवारच्या बैठकीत तिने दोन आलेख शेजारी शेजारी लावले.

"हा तुम्ही नसतानाचा, सर. हा तुम्ही असतानाचा. पुरुषाच्या घामाच्या वासाने उंदीर धास्तावतात म्हणे."

सरांनी दोन्ही आलेख निरखून पाहिले.

"म्हणजे मी विषाणूपेक्षा वाईट?"

"विषाणूशी लढायला पेशी निदान येतात, सर," उनसोलच्या तोंडून निसटलं.

सर उठून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या टेबलावर एक पिशवी ठेवली. आत त्यांचा डोंगर चढतानाचा सदरा होता, न धुतलेला.

"एका खोलीत हा ठेव, दुसरीत नको. मी दोन्हीकडे फिरकणार नाही. एवढ्याशा पुराव्यावर सही होत नसते." दारात ते थांबले. "पदवीचं पुढच्या वर्षी बघू."

उनसोलने नाक दाबून पिशवीला गाठ मारली. वर्ष तर गेलंच होतं. पण प्रयोग, मेला, चांगला होता.