शुक्रवारी दुपारी बांधलेली झोळी

मंडळी, आज कुठल्याशा देशात 'हॅमॉक डे' असतो म्हणे! आमच्या झोयाने मोबाइलवर वाचलं आणि हट्टच धरला, "अम्मी, झूला बांधो ना!"

इथे सौदीत, जेद्दात बाहेर नुसती आग. म्हणून हॉलमधल्या छताच्या हुकांना जाड चादर बांधली.

गेल्या महिन्यात रत्नागिरीला माझ्या सासूबाई वारल्या. इकाम्याचं, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याचं काम अडकलं होतं, यांना जाता आलं नाही. तेव्हापासून यांना धड झोप नाही.

लेकीच्या आग्रहाने हे झोळीत आडवे झाले. ती हळूहळू हलवत राहिली. जरा वेळाने हे झोपेतच पुटपुटले, "अम्मा, थांबू नको."

झोयाने माझ्याकडे पाहिलं. "हलव," मी खुणेनेच म्हटलं.

असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची अजान होईपर्यंत हे गाढ झोपले होते.

मोठेपणी तुम्हाला कुणी असं झोपवलंय?